औषधाचा शोध आणि औषधाची पोहोच : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेचा इतिहास व आत्मप्रतिरक्षा रोगांवरील कार-टी पेशी-उपचार

गोषवारा

शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा शरीरावरच उलटल्याने होणाऱ्या रोगांवर, प्रयोगशाळेत घडविलेल्या पेशींनी उपचार करण्याचे प्रयोग २०२१ पासून जर्मनीत यशस्वी होऊ लागले. याच तंत्राचे भारतात विकसित झालेले रूप २०२३ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता पावले. त्याचे जन्मस्थान मुंबई आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या घडामोडीकडे वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेच्या इतिहासाच्या आधारे पाहिले आहे. कुष्ठरोगावरील औषध वर्ध्यात शोधले गेले नाही. मात्र ते रुग्णाच्या दारापर्यंत नेण्याची पद्धत येथे घडली. औषधाचा शोध व औषधाची पोहोच या दोन स्वतंत्र ऐतिहासिक घटना असून दुसरी घटना आपोआप घडत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आत्मप्रतिरक्षा, कुष्ठरोग, दत्तपूर, सेवाग्राम, डॅप्सोन, कार-टी पेशी, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना

दि. ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथील आयआयटी मुंबईच्या आवारात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते 'नेक्सकार१९' या पेशी-उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडण्याची ही पद्धती भारतात प्रथमच स्वदेशी स्वरूपात उपलब्ध झाली. तिला मिळालेली मान्यता विशिष्ट प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी होती. परंतु त्याच सुमारास जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी या तंत्राला एक नवे क्षेत्र खुले करून दिले होते. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस यांसारख्या, शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच हल्ला करते अशा आजारांतही हा उपचार गुणकारी ठरत असल्याचे दिसू लागले होते. या आजारांना मराठीत आत्मप्रतिरक्षा रोग असे म्हणतात.

आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या गावात ल्युपसने आजारी असलेल्या तरुणीच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत जितका येतो तितकाच तो इतिहासाच्या कक्षेतही येतो. कारण याच जिल्ह्याने विसाव्या शतकात एका असाध्य मानल्या गेलेल्या रोगाचे साध्य रोगात रूपांतर होताना पाहिले आहे. ते रूपांतर कसे घडले, त्यात औषधाचा वाटा किती व संघटनेचा वाटा किती, हे तपासल्यास आजच्या घटनेचे मोजमाप करण्यासाठी एक कसोटी हाती येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) आत्मप्रतिरक्षा या संकल्पनेच्या ऐतिहासिक विकासाचा आढावा घेणे.
२) वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेच्या इतिहासात औषधाचा शोध व त्याची पोहोच यांतील संबंध तपासणे.
३) कार-टी पेशी-उपचाराच्या मुंबईतील विकासाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे.
४) वर्ध्याच्या अनुभवाच्या आधारे या उपचाराच्या सार्वत्रिकतेचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. विषयाची मांडणी इतिहासाच्या अंगाने केलेली असून उपचाराविषयी वैद्यकीय सल्ला देणे हा तिचा हेतू नाही.

आत्मप्रतिरक्षेच्या कल्पनेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंचा शोध लागला आणि त्यांच्याशी लढणाऱ्या शरीरांतर्गत शक्तीचे कुतूहल निर्माण झाले. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास असा विचार मांडला की, शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध विष निर्माण करणे टाळते. निसर्गाला जणू आत्मघाताचे भय असते. या विचाराचा प्रभाव इतका होता की, पुढील सुमारे अर्धशतक शरीर स्वतःवर उलटू शकते ही शक्यता वैद्यकीय जगताने गांभीर्याने घेतली नाही. वास्तविक १९०४ मध्येच डोनाथ व लँडस्टायनर यांनी थंडी लागल्यावर लघवीतून रक्तद्रव्य जाण्याच्या एका विकारात रुग्णाचेच प्रतिपिंड त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात, असे दाखवून दिले होते. पुरावा समोर असूनही प्रस्थापित सिद्धांतामुळे तो नजरेआड राहिला, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटले. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज व सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांत आढळणारी विशिष्ट पेशी वर्णिली. १९५६ मध्ये रोझ व विटेब्स्की यांनी सशांमध्ये अवटू ग्रंथीविरुद्ध प्रतिकार निर्माण करून दाखविला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रोइट, डोनिआक व त्यांच्या सहकाऱ्यांना अवटू ग्रंथीच्या रुग्णांच्या रक्तात तसेच प्रतिपिंड आढळले. याच काळात फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा प्रयोग केला. त्यासाठी त्यांना केंडाल व राइकस्टाइन यांच्यासमवेत १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्टिरॉइड वर्गातील या औषधांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. मात्र ती संपूर्ण प्रतिकारशक्तीलाच दडपतात. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, जंतुसंसर्ग यांसारखे दुष्परिणाम संभवतात. चोर पकडण्यासाठी गावभर संचारबंदी लावावी तसा हा उपाय होता. त्यामुळे पुढील संशोधनाची दिशा नेमका दोषी घटक शोधण्याची राहिली. १९६० च्या दशकात टी-पेशी व बी-पेशी असा भेद स्पष्ट झाला. प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशींचे मूळ बी-पेशींत असल्याने त्यांना लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब हे औषध प्रथम १९९७ मध्ये कर्करोगासाठी व पुढे आमवातासाठी वापरात आले. तरीही ऊतींच्या खोलवर दडलेल्या बी-पेशी त्यातून सुटत असल्याने अनेकांचा आजार पुन्हा डोके वर काढीत असे.

वर्धा जिल्हा : कुष्ठरोग व प्रतिकारशक्तीचे दुहेरी रूप

प्रतिकारशक्ती रक्षण करते आणि घातही करते, हे सत्य वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवकांच्या रोजच्या अनुभवाचा भाग होते. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतील हान्सेन यांनी शोधला. परंतु या रोगातील व्यंगत्व केवळ जंतूमुळे येत नाही. रुग्णाची प्रतिकारशक्ती जंतूला कसा प्रतिसाद देते यावर रोगाचे स्वरूप अवलंबून असते. प्रतिसाद क्षीण असेल तर त्वचेत जंतूंची अमाप वाढ होते. प्रतिसाद तीव्र असेल तर जंतू थोडेच राहतात, पण त्या झटापटीत चेतातंतू भरडले जातात. या पटाचे शास्त्रीय वर्गीकरण रिडले व जॉप्लिंग यांनी १९६६ मध्ये केले. उपचार सुरू असताना, जंतू मरत असतानाच, एखाद्या रुग्णाचे चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नसा दुखू लागतात आणि वेळीच लक्ष न दिल्यास काही दिवसांत बोटे वाकडी होतात किंवा पाऊल लुळे पडते. कुष्ठकार्यकर्ते याला 'रिॲक्शन' म्हणतात. यावरील मुख्य औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे ल्युपसच्या रुग्णाला दिले जाणारे स्टिरॉइडच होय.

कुष्ठरोगाला काटेकोर अर्थाने आत्मप्रतिरक्षा रोग म्हणता येत नाही, कारण त्यामागे बाहेरून आलेला जंतू असतो. तथापि प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीराची हानी करणे, हा दोहोंना जोडणारा समान दुवा आहे. त्यामुळे आत्मप्रतिरक्षा रोगांच्या चर्चेत वर्ध्याचा इतिहास आणणे केवळ भौगोलिक योगायोगावर आधारलेले नाही.

या इतिहासाचा आरंभ १९३६ हे वर्ष मानता येईल. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी महात्मा गांधी शेगावला, म्हणजे पुढील काळातील सेवाग्रामला आले आणि त्याच वर्षी विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. कुष्ठरुग्णाला गावाबाहेर घालविण्याचा तो काळ होता. अशा काळात एका तरुणाने हे काम स्वीकारणे ही सामाजिक घटना होती. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाल्यावर ते सेवाग्राम आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. पुढे कुष्ठसेवेचा समावेश रचनात्मक कार्यक्रमात झाला. पुढील पिढीत आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांचा जन्मही याच जिल्ह्यातील हिंगणघाटचा, हे येथे नमूद करावे लागेल.

या टप्प्यावर प्रभावी औषध मात्र नव्हते. चालमोगरा तेलाची वेदनादायी इंजेक्शने हाच मुख्य उपाय होता. सेवा होती, स्पर्श होता, आसरा होता. बरे होण्याची खात्री नव्हती.

'सर्वेक्षण, शिक्षण, उपचार' : पोहोचीची पद्धत

१९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे प्रोमिन या सल्फोन औषधाचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच कुळातील डॅप्सोन हे स्वस्त व तोंडाने घेण्याजोगे औषध पुढे आले. औषधाचा शोध येथे पूर्ण झाला. पण गोळी उपलब्ध होणे आणि रुग्णाने ती वर्षानुवर्षे घेणे यांत मोठे अंतर होते. रोग लपविला जाई. रुग्ण दवाखान्यात येण्यास धजत नसे. आला तरी व्यंगत्व आल्यानंतर येई.

हे अंतर मिटविण्याची पद्धत वर्ध्यात घडली. गांधी स्मारक निधीच्या पुढाकाराने १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना होऊन त्याचे मुख्यालय वर्धा येथे राहिले. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री विकसित केली. प्रशिक्षित कार्यकर्त्याने गावातील प्रत्येक घरी जावे, प्रत्येक व्यक्तीची तपासणी करावी, रोगाविषयीची भीती दूर करावी आणि रुग्ण सापडल्यास त्याला घरीच ठेवून गोळ्या द्याव्यात, असे तिचे स्वरूप होते. रुग्णाला वसाहतीत नेण्याऐवजी औषध गावात नेण्याचा हा विचार होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ही पद्धत स्वीकारली.

या यशाला एक काळी कडाही आहे. केवळ डॅप्सोनवर विसंबल्यामुळे काही दशकांत जंतूंनी त्याला दाद देणे थांबविले. उपचार सुटलेल्या व अर्धवट राहिलेल्या रुग्णांत रोग उलटू लागला. यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन यांची एकत्रित बहुऔषध पद्धती सुचविली. ती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबविली गेली त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. हा मान अकस्मात मिळालेला नव्हता. तीन दशकांच्या घरोघरच्या भेटींतून रुग्णांच्या नोंदी, प्रशिक्षित मनुष्यबळ व लोकांचा विश्वास तयार झाला होता. नवे औषध आले तेव्हा ते वाहून नेणारा रस्ता आधीच बांधलेला होता.

डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचा तांत्रिक अर्थ दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण असा होता. जनमानसात मात्र 'रोग संपला' असा समज रूढ झाला. वस्तुतः त्यानंतरही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळत राहिले. यशाची घोषणा झाल्यावर रुग्ण दृष्टीआड होतो, हाही या इतिहासाचा एक धडा आहे.

कुष्ठरोगाच्या लशीपासून कार-टी पेशींपर्यंत : मुंबईतील एक धागा

कुष्ठरोग आणि पेशी-उपचार यांना जोडणारा आणखी एक धागा मुंबईत सापडतो. १९५० च्या दशकात परळ येथील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगावरही संशोधन चाले. १९५८ मध्ये तेथे डॉ. कमल रणदिवे, बापट व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून एक जंतू वाढविला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला. पुढे त्याच संस्थेत डॉ. माधव देव यांनी १९७९ मध्ये त्यापासून लस तयार केली. जंतूला न मारता रुग्णाची प्रतिकारशक्ती वळविणे, हे तिचे तत्त्व होते. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. असे असूनही ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली नाही. बहुऔषध पद्धतीने रुग्णसंख्या झपाट्याने घटत असताना लशीची निकड ओसरली. शोध लागला, त्याची उपयुक्तताही दिसली. पोहोच मात्र घडली नाही.

हीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून टाटा स्मारक केंद्राचा भाग झाली आणि २००२ च्या सुमारास नवी मुंबईतील खारघर येथे ॲक्ट्रेक या नावाने विस्तारली. भारतातील स्वदेशी कार-टी पेशींची पहिली रुग्णचाचणी जून २०२१ मध्ये टाटा स्मारकाच्या याच खारघर केंद्राशी निगडित आहे. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत ही पेशी घडविली. टाटा स्मारकातील डॉ. हसमुख जैन व डॉ. गौरव नरुला यांनी तिची रुग्णांवरील चाचणी पुढे नेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने तिला मान्यता दिली.

कार-टी पेशी : कर्करोगाकडून आत्मप्रतिरक्षेकडे

या तंत्राची मूळ कल्पना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. जपानमधील कुवाना व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आणि इस्रायलमधील झेलिग एश्हार यांच्या गटाने १९८९ मध्ये टी-पेशीवर प्रतिपिंडाचा तुकडा असलेला संकरित ग्राही बसविला. टी-पेशीची मारक शक्ती व प्रतिपिंडाची अचूक ओळख यांचा हा संयोग होता. २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या रक्तकर्करोगाने ग्रस्त बालिकेवर या उपचाराला आलेले यश जगभर गाजले आणि २०१७ मध्ये अमेरिकी नियामकाने पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली.

उपचाराची प्रक्रिया गुंतागुंतीची आहे. रुग्णाच्या रक्तातून यंत्राद्वारे पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या जातात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने टी-पेशींत नवे जनुक घातले जाते. त्यामुळे बी-पेशींवरील सीडी१९ हे चिन्ह ओळखणारा ग्राही त्यांच्यावर उगवतो. प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढविली जाते. रुग्णाला अल्पकाळ केमोथेरपी देऊन जागा मोकळी केली जाते आणि मग या पेशी शिरेतून सोडल्या जातात. त्या शरीरात वाढतात आणि सीडी१९ धारण करणाऱ्या बी-पेशी शोधून नष्ट करतात. कर्करोगात या बी-पेशी कर्करोगग्रस्त असतात. ल्युपसमध्ये शरीराविरुद्ध प्रतिपिंड बनविण्याचे मूळ त्यांच्यात असते. लक्ष्य एकच असल्याने एका रोगाचे अस्त्र दुसऱ्या रोगात वापरता येईल, असा तर्क पुढे आला.

एर्लांगेन येथे गेओर्ग शेट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तीव्र ल्युपस असलेल्या २० वर्षांच्या तरुणीवरील उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये ५ रुग्णांचे व फेब्रुवारी २०२४ मध्ये १५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या १५ जणांत ल्युपसचे ८, स्क्लेरोडर्माचे ४ व मायोसायटिसचे ३ रुग्ण होते. सर्वांची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बंद करता आली. विशेष म्हणजे सरासरी सुमारे ११० दिवसांनी बी-पेशी पुन्हा निर्माण झाल्या, पण त्या कोऱ्या होत्या; जुन्या वैराची आठवण त्यांच्यात नव्हती. पाटी पुसून पुन्हा मुळाक्षरे गिरवावीत तशी प्रतिकारयंत्रणा नव्याने सुरू झाली, असे या निष्कर्षांचे वर्णन करता येईल.

मात्र रुग्णसंख्या लहान होती व पाठपुराव्याचा मध्य कालावधी अवघा १५ महिन्यांचा होता, हे विसरता येत नाही. या उपचारात तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, मेंदूवर परिणाम होणे असे धोके असतात. कर्करोगासाठी कार-टी घेतलेल्या काही रुग्णांत नव्याने टी-पेशींचा कर्करोग आढळल्याने अमेरिकी नियामकाने २०२४ मध्ये या वर्गातील औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. मरणाच्या दारातील कर्करुग्णासाठी जो धोका पत्करण्याजोगा वाटतो, तो गोळ्यांवर वर्षानुवर्षे जगू शकणाऱ्या आमवाताच्या रुग्णासाठी तसाच मानता येईल का, हा प्रश्न खुला आहे.

वर्ध्याच्या कसोटीवर

वरील दोन इतिहास शेजारी ठेवल्यास काही बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब किमतीची. अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवण्यात आली होती. भारतीय उपचार त्याच्या सुमारे एक दशांश किमतीत, म्हणजे साधारण ३० ते ५० लाख रुपयांत उपलब्ध झाला. ही मोठी उपलब्धी आहे. तथापि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आहे. वर्ध्याच्या कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या दृष्टीने एक दशांश किंमतही आवाक्याबाहेरचीच ठरते. डॅप्सोनची गोळी स्वस्त असूनही ती पोहोचविण्यास तीन दशके लागली. महाग उपचाराची पोहोच आपोआप घडेल, असे मानण्यास इतिहासात आधार नाही.

दुसरी बाब अंतराची. वर्धा ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे ७६० किलोमीटर आहे. डॅप्सोन कार्यकर्त्याच्या पिशवीत मावत असे. जिवंत पेशी अतिशीत तापमानात न्याव्या लागतात व त्या सोडल्यावर रुग्णाला अतिदक्षता विभागाच्या जवळ ठेवावे लागते. त्यामुळे कुष्ठसेवेची पद्धत जशीच्या तशी येथे लागू करता येत नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु उपचाराचे सर्वच टप्पे महानगरात होण्याची गरज नाही. आजाराची लवकर ओळख, योग्य रुग्णाची निवड, उपचारोत्तर जंतुसंसर्गावर लक्ष आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा ही कामे जिल्ह्यातच होऊ शकतात. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून आणि सावंगी मेघे येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून या जिल्ह्यात कार्यरत आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यात सांधेदुखी व अंगावरील चट्टे घेऊन फिरणाऱ्या स्त्रीचे निदान वर्षानुवर्षे रखडू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तिसरी बाब खर्चाच्या वाटणीची. डॉ. सुशीला नायर यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या सेवाग्रामच्या संस्थेत १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व सहकाऱ्यांनी परिसरातील गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा योजना चालविली. सुगीच्या वेळी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी व गरज पडेल त्याला कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळावेत, हे तिचे सूत्र होते. ज्वारीच्या राशीतून ४० लाखांचा उपचार होणार नाही, हे उघड आहे. पण आजारपणाचा भार एकट्या घराने न उचलता समूहाने उचलावा, हे तत्त्व रकमेवर अवलंबून नसते. आज हा समूह गावाऐवजी राज्य असावा लागेल, इतकाच फरक.

चौथी बाब संयमाची. डॅप्सोनच्या आरंभीच्या यशाने निर्माण केलेला आत्मविश्वास जंतूंनी खोटा ठरविला. निर्मूलनाच्या घोषणेनंतरही रुग्ण राहिले. १५ रुग्णांच्या यशावरून आत्मप्रतिरक्षा रोग संपल्याची भाषा करणे त्यामुळे अनैतिहासिक ठरेल. संशोधनाची दिशा मात्र पोहोच सुलभ होण्याकडे आहे. २०२४ मध्ये चीनमधील शू हुजी व सहकाऱ्यांनी निरोगी दात्याच्या पेशींपासून तयार केलेल्या कार-टी पेशी ३ रुग्णांना दिल्या. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र पेशी घडविण्याऐवजी साठा करून ठेवता आल्यास खर्च व वेळ दोन्ही घटू शकतील. अशी पेशी उद्या उपलब्ध झाली, तर तिची वाट पाहणारा रुग्ण कोण व कोठे आहे, हे जिल्ह्याला ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी लागणारी रुग्णनोंद आज सुरू करता येते. तिला जनुकतंत्राची गरज नाही.

निष्कर्ष

१) शरीर स्वतःवर उलटू शकते ही जाणीव १९०४ मधील पुराव्यानंतरही सुमारे अर्धशतक स्वीकारली गेली नाही, वैद्यकाची प्रगती पुराव्याइतकीच स्वीकृतीवरही अवलंबून असते.
२) वर्धा जिल्ह्याचे कुष्ठरोगविषयक योगदान औषधशोधाचे नसून पोहोचीच्या पद्धतीचे आहे व ते शोधाइतकेच मोलाचे आहे.
३) आयसीआरसी लशीचा अनुभव दर्शवितो की, उपयुक्त सिद्ध झालेला शोधही यंत्रणेत स्थान न मिळाल्यास रुग्णापर्यंत जात नाही.
४) कार-टी उपचाराने आत्मप्रतिरक्षा रोगांत आशादायक परिणाम दाखविले असले तरी अल्प रुग्णसंख्या, दीर्घकालीन धोके व किंमत यांमुळे त्याचा विचार सावधपणे करावा लागतो.
५) निदान, नोंदणी व पाठपुरावा यांची जिल्हास्तरीय व्यवस्था उपचार स्वस्त होण्याची वाट न पाहता आजच उभारता येण्यासारखी आहे.

समारोप

१९३६ मध्ये दत्तपूरला गेलेल्या मनोहरजी दिवाणांकडे प्रभावी औषध नव्हते. तरीही रुग्ण कोठे आहे हे त्यांनी शोधले आणि त्याच्याजवळ जाऊन राहिले. औषध आले तेव्हा त्या वाटेनेच ते रुग्णापर्यंत गेले. एकविसाव्या शतकातील स्थिती नेमकी उलट आहे : प्रभावी उपचार दृष्टिपथात आला आहे, आणि त्याच्या रुग्णापर्यंत जाणारी वाट बांधावयाची राहिली आहे. ती कशी बांधतात याचा अनुभव या जिल्ह्याच्या गाठीशी आहे.